नव्या संगणकाकडून जुन्या संगणकाकडे : एका कॅसेटचे पुनर्वाचन

आपल्या वसतिगृहाचे १९९४ सालचे पटनोंदणी रजिस्टर आज उपलब्ध नाही. पुढे एका पावसाळ्यात कार्यालयाचे छत गळले, कपाटाच्या खालच्या कप्प्यातील कागदांचा लगदा झाला आणि त्यात हे रजिस्टरही गेले. त्या वर्षी वसतिगृहात कोण कोण राहत होते याची एकमेव समकालीन नोंद एका ऑडिओ कॅसेटवर शिल्लक आहे, हे या स्मरणिकेची तयारी करताना आमच्या ध्यानी आले. ती नोंद कागदावर नाही आणि कोणाच्या बोलण्यातही नाही. ती एका कर्कश शिट्टीसारख्या ध्वनीत आहे. तो ध्वनी ज्याच्यासाठी नोंदला गेला तो बीबीसी मायक्रो हा संगणक कोठीघरात धान्याच्या पिंपांमागे धूळ खात पडला होता.

कॅसेटवरील मजकूर आम्ही प्रथम आजच्या संगणकावर घेतला, तपासला आणि नंतर त्या जुन्या संगणकात पुन्हा उतरवला. हे काम कसे झाले, त्याची माहिती प्रस्तुत लेखात देत आहोत. लेखाच्या शेवटी १९९४ च्या तुकड्यांतील माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. ती कशासाठी, हे मधला भाग वाचल्यावाचून कळणार नाही.

यंत्राचा पूर्वेतिहास

१९८० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमधील बीबीसी या प्रसारण संस्थेने सामान्य माणसाला संगणक शिकवण्याची मोहीम हाती घेतली. दूरचित्रवाणीवरील पाठांसोबत वापरता येईल असे एक यंत्र तिला हवे होते. केंब्रिज येथील एकॉर्न कंपनीने ते तयार केले आणि डिसेंबर १९८१ मध्ये ते बाजारात आले. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर हे त्याचे प्रमुख रचनाकार. आपल्याकडील यंत्र त्याचे ‘मॉडेल बी’ आहे. त्याची काम करण्याची स्मृती ३२ केबी आहे. मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र ३ एमबीचे धरले, तर तेवढ्या जागेत अशा ९६ यंत्रांची संपूर्ण स्मृती मावेल.

हे यंत्र भारतीय शाळांत आले ते शासकीय योजनेतून. १९८४-८५ मध्ये केंद्र शासनाने ‘क्लास’ या नावाने ओळखला जाणारा संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला. आरंभी देशातील सुमारे २५० शाळांची निवड झाली आणि त्यांना बीबीसी मायक्रो देण्यात आले. आपली शाळा त्या यादीत नव्हती. १९९१ मध्ये दुसऱ्या एका शाळेने मोडीत काढलेले यंत्र एका हितचिंतकांनी विकत घेऊन आपल्याला दिले. पडद्याच्या जागी भोजनगृहातील जुना टीव्ही आणि माहिती साठवण्यासाठी साधा टेपरेकॉर्डर, एवढ्या सामग्रीवर आपला पहिला संगणक वर्ग सुरू झाला.

१९९४ मध्ये इयत्ता नववीच्या तीन विद्यार्थ्यांनी या यंत्रावर बेसिक भाषेत एक आज्ञावली लिहिली. गैरहजर मुलांचे क्रमांक टाइप केले की त्या दिवशी ज्वारी, तांदूळ, तूरडाळ आणि तेल किती काढायचे, ते पडद्यावर दिसे. त्यासाठी सर्व मुलांची नावे व खोली क्रमांक त्यांनी आज्ञावलीतच लिहून ठेवले होते. हिशेबासाठी केलेली ही सोय आज इतिहासाचे साधन ठरली आहे. ज्या घरांतून त्या काळी मुले आपल्याकडे येत, त्यांपैकी कित्येक घरांत शाळेच्या पटावर लागलेले ते पहिलेच नाव होते. म्हणून ही यादी आम्हांला केवळ शिधावाटपाची यादी वाटत नाही.

ध्वनीतील अक्षरे

कॅसेटवर गाणे साठवतात, तेथे अक्षरे कशी साठवली जातात, हा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांनी पहिल्याच दिवशी विचारला. उत्तर सोपे आहे. संगणकाला शून्य आणि एक ही दोनच चिन्हे ठाऊक असतात. बीबीसी मायक्रो शून्यासाठी १२०० हर्ट्झच्या ध्वनीचे एक आवर्तन आणि एकासाठी २४०० हर्ट्झच्या ध्वनीची दोन आवर्तने काढतो. दोन्हींना लागणारा वेळ सारखाच, म्हणजे सेकंदाचा १२०० वा भाग असतो. एक स्वर खालचा, दुसरा त्याच्या दुप्पट उंच, एवढाच काय तो भेद.

रोमन लिपीतील पहिल्या मोठ्या अक्षराचा संकेतांक ६५ आहे. तो शून्य-एकांत लिहिला तर ०१०००००१ असा होतो. यंत्र ही आठ चिन्हे शेवटाकडून सुरू करून एकामागून एक वाजवते. अक्षर सुरू झाले हे कळावे म्हणून आधी एक शून्य आणि संपले हे कळावे म्हणून शेवटी एक ‘एक’ जोडते. म्हणजे एका अक्षराला दहा चिन्हे आणि सेकंदाला १२० अक्षरे. आजच्या मानाने हा वेग फारच थोडा आहे. परंतु १९९४ मध्ये ज्या हिशेबाला गृहपालांना अर्धा तास लागे, तो हे यंत्र क्षणात करीत असे.

मजकूर सलग ओतला जात नाही. त्याचे जास्तीत जास्त २५६ अक्षरांचे खंड पाडले जातात. प्रत्येक खंडापूर्वी आज्ञावलीचे नाव, खंडाचा क्रमांक आणि लांबी सांगितली जाते. खंडाच्या शेवटी दोन बाइटांचा एक पडताळा-अंक असतो. संपूर्ण खंड ही एक प्रचंड संख्या मानून तिला ठरावीक संख्येने विशिष्ट रीतीने भागले असता जी बाकी उरते, ती म्हणजे हा अंक, असे स्थूलमानाने म्हणता येईल. ऐकणारे यंत्र हाच भागाकार स्वतः करते. बाकी जुळली तर खंड स्वीकारते. जुळली नाही तर ते थांबते आणि फीत मागे घेण्याची सूचना पडद्यावर देते. फीत थोडी मागे घेऊन पुन्हा वाजवली की चुकलेल्या खंडापासून काम पुढे चालते. आधीचे शुद्ध खंड पुन्हा ऐकावे लागत नाहीत.

कॅसेटचे वाचन

जुनी फीत वारंवार वाजवणे धोक्याचे असते. तिच्यावरील चुंबकीय थर झिजतो आणि फीत अडकून चुरगळण्याची भीती असते. म्हणून टेपरेकॉर्डरचे हेड स्वच्छ करून आम्ही फीत तीनच वेळा वाजवली आणि प्रत्येक वेळी तिचा ध्वनी आजच्या संगणकात नोंदवून घेतला. त्या ध्वनीचे विश्लेषण करून शून्य-एक वेगळे काढणाऱ्या आज्ञावली विनामूल्य मिळतात. त्यांतून कळले की मूळ आज्ञावली २० खंडांची आहे. १९ खंडांचे पडताळा-अंक जुळले. सतरावा खंड तिन्ही वेळा चुकला. फीत त्या जागी चुरगळलेली होती. हा खंड नेमका नावांच्या यादीच्या मधोमध होता.

यादीत एकूण किती नावे होती, हे मात्र निश्चित सांगता येते. नावे वाचणारी आज्ञा दुसऱ्या एका शुद्ध खंडात आहे आणि तीत ६४ हा आकडा स्पष्ट आहे. त्यांपैकी ५३ नावे जुळलेल्या खंडांत मिळाली. उरलेली ११ नावे सतराव्या खंडात पूर्णतः किंवा अंशतः अडकली आहेत. एका ठिकाणी आडनावाची तीन अक्षरे दिसतात, दुसऱ्या ठिकाणी केवळ खोलीचा क्रमांक दिसतो.

या टप्प्यावर आमच्यात मतभेद झाला. काही सहकाऱ्यांचे म्हणणे असे पडले की, त्या काळातील मुले आपल्याला ठाऊक आहेत, तेव्हा आठवणीने ११ नावे भरून यादी पूर्ण करावी. त्यांचा हेतू चांगलाच होता. परंतु आम्ही इतिहासाचे विद्यार्थी आहोत. आठवण ही स्वतंत्र साक्ष आहे. ती नोंदवावी, पण दस्तऐवजात मिसळू नये. एकदा ती मिसळली की कोणते नाव फितीवरचे आणि कोणते आमच्या आठवणीतले, हे पुढच्या पिढीला कधीच कळणार नाही. ज्या यंत्राने तीस वर्षांपूर्वी न जुळलेला खंड स्वीकारण्यास नकार दिला असता, त्याच्यापेक्षा आम्ही कमी काटेकोर का असावे? अखेर सर्वांचे एकमत झाले. मूळ ध्वनीच्या तिन्ही प्रती आहेत तशा जपल्या. दुसऱ्या प्रतीत खराब ओळी काढून त्या ११ जागी ‘वाचता आले नाही’ अशा अर्थाचे शब्द रोमन लिपीत घातले आणि तसे केल्याची टीप आज्ञावलीच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवली.

परतीचा प्रवास

दुरुस्त प्रत आजच्या संगणकावर चालवून पाहता येते. जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणाऱ्या आज्ञावली त्यासाठी आहेत. मग ती प्रत्यक्ष जुन्या यंत्रात उतरवण्याचा खटाटोप कशासाठी? आमच्या मते त्याला दोन कारणे आहेत. आपण केलेली दुरुस्ती शुद्ध आहे की नाही, याचा अखेरचा निर्वाळा मूळ यंत्रच देऊ शकते. दुसरे असे की, हे काम करताना विद्यार्थ्यांना संगणकाच्या पोटात काय चालते ते कानांनी ऐकता येते. आजच्या यंत्रात ते ऐकूही येत नाही आणि दिसतही नाही.

ज्यांच्याकडे असे यंत्र असेल त्यांनी सर्वप्रथम एक खबरदारी घ्यावी. वर्षानुवर्षे बंद असलेले यंत्र थेट वीजजोडणीला लावू नये. त्याच्या वीजपुरवठ्याच्या पेटीतील काही कपॅसिटर काळाच्या ओघात तडकतात आणि वीज मिळताच धूर निघतो. आम्ही बाजारपेठेत रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांकडून ते आधी बदलून घेतले. विद्यार्थ्यांना ती पेटी उघडू दिली नाही.

दुसरे काम जोडवायरचे. यंत्राच्या मागे कॅसेटसाठी सात पिनांचे गोल सॉकेट असते. त्यातील दोन पिना टेपरेकॉर्डरची मोटार चालू-बंद करण्यासाठी असतात. आपल्याला त्यांची गरज नाही. ध्वनी आत घेणारी पिन आणि भूतार, एवढीच जोडणी पुरते. वायरच्या दुसऱ्या टोकाला हेडफोनचा साधा प्लग लावला. डाव्या-उजव्या ध्वनीवाहिन्या एकमेकींना न जोडता त्यांपैकी एकच वापरली. हे डाग देण्याचे काम काकांच्या देखरेखीखाली दहावीच्या दोन विद्यार्थिनींनी केले.

तिसरे काम ध्वनी तयार करण्याचे. दुरुस्त आज्ञावलीचे रूपांतर पुन्हा त्याच १२०० आणि २४०० हर्ट्झच्या स्वरांत करून ‘वेव्ह’ प्रकारच्या फाइलमध्ये साठवले. एमपी-थ्री प्रकार टाळला. त्यात फाइल लहान करण्यासाठी माणसाच्या कानाला न जाणवणारे तपशील गाळले जातात. पण येथे ऐकणारा कान माणसाचा नाही. येथे एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. ५ केबीची आज्ञावली ध्वनीत मांडली तेव्हा ती सुमारे सव्वा मिनिट चालणारी आणि सहा एमबीहून मोठी फाइल झाली, म्हणजे बाराशे पटींहून अधिक. शिक्षक म्हणून आम्हांला याचे आश्चर्य वाटले नाही. आपल्याला एका वाक्यात उमगलेली गोष्ट नवख्या मुलाला समजावताना अख्खी तासिका लागतेच.

यानंतर जुना संगणक सुरू केला. सुरू होताच तो दोन सुरांत ‘बीप’ करतो आणि पडद्यावर ‘बीबीसी कॉम्प्युटर ३२ के’ ही अक्षरे उमटतात. तारकाचिन्ह आणि ‘टेप’ ही आज्ञा दिली की तो कॅसेटकडे लक्ष देऊ लागतो. मग ‘चेन’ हा शब्द आणि रिकामे अवतरणचिन्ह टाइप केले. आतील रिलेचा ‘टक’ असा आवाज झाला, कळफलकावरील मोटारीचा लाल दिवा लागला आणि शोध सुरू असल्याचा शब्द पडद्यावर आला.

पहिले दोन प्रयत्न फसले. प्रथम लॅपटॉपचा आवाज इतका कमी होता की यंत्राला काहीच ऐकू आले नाही. दुसऱ्या वेळी आवाज पूर्ण वाढवल्याने स्वरांची टोके कापली गेली आणि तिसऱ्याच खंडात पडताळा-अंक चुकला. त्यातच लॅपटॉपने संदेश आल्याची घंटा मध्येच वाजवली! म्हणून तिसऱ्या वेळी एका विद्यार्थ्याने मोबाइल जोडला. विमान-स्थिती चालू केली, ध्वनी ‘सुधारणाऱ्या’ सर्व सोयी बंद केल्या आणि आवाज पाऊणपट ठेवला. बिनतारी ब्लूटूथ वापरले नाही. त्यातही ध्वनीची काटछाट होते.

या वेळी नाव उमटले आणि त्यापुढे खंडांचे क्रमांक एकेक करून वाढू लागले. यंत्र सोळाच्या पायावर मोजत असल्याने ०९ नंतर रोमन अक्षरे येतात आणि विसावा खंड १३ या क्रमांकाने दिसतो. वर्गात कोणी बोलत नव्हते. १० हा क्रमांक आला तेव्हा आम्ही श्वास रोखून होतो. मूळ फितीवर यंत्र येथेच अडखळले असते. तो गेला. १३ आला, रिले पुन्हा ‘टक’ वाजला आणि पडद्यावर आपल्या शाळेचे नाव देवनागरीत उमटले.

या यंत्रात देवनागरी नाही. त्या तीन मुलांनी आठ गुणिले आठ चौकटींच्या आलेखकागदावर एकेक अक्षर आखून, प्रत्येक ओळीची संख्या काढून ते यंत्राला शिकवले होते. शिरोरेषा किंचित तुटक आहे. आम्ही ती दुरुस्त केलेली नाही.

ज्या मोबाइलने हा ध्वनी ऐकवला त्याचाही या यंत्राशी संबंध आहे. बीबीसी मायक्रोच्या यशानंतर विल्सन आणि फर्बर यांनी एकॉर्नमध्येच एका नव्या प्रक्रियकाची रचना केली. १९८५ मध्ये तयार झालेला तो पहिला ‘आर्म’ प्रक्रियक बीबीसी मायक्रोलाच जोडून चालवण्यात आला होता. आज जगातील बहुतेक मोबाइल फोन याच घराण्यातील प्रक्रियकांवर चालतात. म्हणजे नातवाने आजोबांना त्यांच्याच बोलीत, त्यांना झेपेल अशा गतीने मजकूर वाचून दाखवला, असे म्हणण्यास हरकत नाही.

अन्य मार्ग

कॅसेटचा मार्ग सर्वांत स्वस्त आहे, पण एकमेव नाही. यंत्राच्या मागे आर-एस-४२३ नावाचे पाच पिनांचे सॉकेट आहे. यूएसबीपासून सीरियल जोडणी करून देणारे साधन आणि योग्य वायर असेल, तर बेसिकमधील आज्ञावली साध्या मजकुराच्या रूपात पाठवता येते. कोणी कळफलकावर टाइप करीत आहे असे समजून यंत्र ती स्वीकारते. मात्र प्रत्येक ओळ पचवायला यंत्राला उसंत द्यावी लागते, नाहीतर अक्षरे गळतात. या सॉकेटात प्लग उलटाही बसू शकतो, हे लक्षात ठेवावे. मेमरी कार्ड जोडण्याची साधनेही मिळतात. त्यासाठी आतील रॉम चिप बदलावी किंवा वाढवावी लागते. ज्यांना पुष्कळ आज्ञावली वारंवार चालवायच्या आहेत त्यांना ते सोयीचे पडेल. आपल्याला एकच यादी वाचायची होती.

अकरा नावे

यंत्र आता संगणक कक्षाच्या दाराजवळ ठेवले आहे. कार्यक्रमासाठी येणाऱ्यांना ती आज्ञावली चालवून आपले नाव पाहता येईल. मूळ ध्वनी, दुरुस्त प्रत आणि केलेल्या बदलांची नोंद अशा तिन्ही गोष्टी ग्रंथालयात स्वतंत्र ठेवल्या आहेत. चाचणीच्या दिवशी यादी सरकत असताना स्वयंपाकघरातील मावशी दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. एका नावाशी त्यांनी यादी थांबवायला सांगितली. तो त्यांचा मुलगा. पुढे अकरा वेळा ‘वाचता आले नाही’ असे आले तेव्हा त्यांनी विचारले, “सर, ही पोरं कोण होती?” आमच्याकडे उत्तर नव्हते.

म्हणून १९९४ मध्ये वसतिगृहात राहिलेल्या माजी विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना विनंती की, कार्यक्रमास आल्यावर किंवा पत्राने आपले नाव, त्या वर्षीची इयत्ता व खोली क्रमांक कळवावा. त्या काळातील प्रगतिपुस्तक, वसतिगृहाच्या फीची पावती किंवा मागे नावे लिहिलेले एखादे छायाचित्र असेल तर त्याची प्रत सोबत जोडावी. मिळालेली प्रत्येक साक्ष, ती कोणी दिली या उल्लेखासह, वेगळ्या वहीत नोंदवली जाईल. दोन स्वतंत्र साक्षी जुळल्या की ते नाव यादीच्या पुरवणीत घेतले जाईल. मूळ यादीतील अकरा जागा मात्र आम्ही तशाच ठेवणार आहोत.